संकेतस्थळ : पहिल्या भेटीचा इतिहास

‘वेबसाइट’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘संकेतस्थळ’ हा शब्द रूढ झाला, तेव्हा तो योजणाऱ्यांच्या मनात ‘संकेत’ म्हणजे खूण किंवा पत्ता एवढाच अर्थ बहुधा असावा. परंतु संस्कृत काव्यशास्त्राच्या तासाला बसलेल्या कोणालाही या शब्दामागे दुसरा, जुना अर्थ ऐकू येतो. संकेतस्थळ म्हणजे भेटीसाठी दोघांनी आपसांत ठरवलेली जागा. अभिसारिका त्या जागेकडे जाण्यास निघते. तेथे पोहोचल्यावर ज्याच्यासाठी आपण आलो तो तेथे नाहीच, असे जिला आढळते ती विप्रलब्धा. भरताच्या नाट्यशास्त्रातील अष्टनायिकांपैकी या दोघींच्या कथा एकाच जागेपाशी येऊन थांबतात. महाजालावर वावरणारा वाचकही रोज याच दोन अवस्थांमधून ये-जा करीत असतो. तो कोणत्या तरी ओढीने एका पत्त्यावर येतो आणि तेथे एक तर भेट होते, नाही तर फसगत.

एखादे संकेतस्थळ पहिल्याच भेटीत मनावर का ठसते, हा प्रश्न सहसा आरेखनकारांवर आणि जाहिरातदारांवर सोपवला जातो. मग चर्चा होते ती रंगसंगतीची, चित्रांची, बोधचिन्हाची. आम्हां मराठीच्या अध्यापकांना मात्र तो आपलाही प्रश्न वाटतो. वाचक संहितेत प्रवेश कसा करतो, कोणत्या दाराने करतो आणि त्या दारात त्याचे स्वागत कसे होते, हा साहित्याच्या अभ्यासाचाच विषय आहे. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याला ‘उंबरठे’ या अर्थाचे शीर्षक दिले. शीर्षक, लेखकाचे नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर हे सारे संहितेचे उंबरठे होत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उंबरठा घराचा भाग असतो आणि रस्त्याचाही असतो. मराठीने ‘होम पेज’ला ‘मुखपृष्ठ’ म्हटले, तेव्हा नकळत हीच दृष्टी स्वीकारली.

प्रस्तुत लेखात या उंबरठ्याचा थोडा इतिहास पाहावा असा विचार आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. पहिल्या भेटीत लक्षात राहते ते संकेतस्थळ, जे येणारा नवखा आहे हे मनाशी धरून त्याच्याशी बोलते. सजावट त्याला साहाय्य करते किंवा आड येते, पण तिची जागा दुसरी. मराठीच्या बाबतीत तर या नवखेपणाला एक वेगळेच परिमाण आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

उंबरठा पहिल्यापासून असतोच असे नाही. आपल्या हस्तलिखित पोथीला मुखपृष्ठ नव्हते. सुटी पाने, वर-खाली दोन फळ्या आणि भोवती गुंडाळलेला रुमाल असे तिचे रूप. पोथी उघडली की मंगलाचरणाने थेट ग्रंथारंभ व्हायचा. ग्रंथ कोणता, नक्कल कोणी केली, कोणत्या शकात केली ही माहिती आलीच तर शेवटच्या पुष्पिकेत. ज्याच्या हाती पोथी पडे त्याला ती कशाची आहे हे ठाऊक असे. गुरू, घराणे किंवा संप्रदाय यांच्या द्वारेच ती त्याच्यापर्यंत पोचलेली असे. नवखा वाचक या व्यवस्थेत गृहीतच धरलेला नव्हता. युरोपातही आरंभीची छापील पुस्तके अशीच होती. १४५५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गुटेनबर्गच्या बायबलाला शीर्षकपृष्ठ नाही. पुढे १४७६ मध्ये व्हेनिस येथे एर्हार्ट राटडोल्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेगिओमोंटानुसची दिनदर्शिका छापली. पुस्तकाची महती, गाव, वर्ष आणि मुद्रकांची नावे ही सर्व माहिती तिच्या पहिल्याच पानावर वेलबुट्टीच्या चौकटीत आली. मध्ये वीसएक वर्षे गेली होती. पुस्तके शेकड्यांनी छापली जाऊ लागली आणि दुकानात शिरणारा गिऱ्हाईक अनोळखी झाला, तेव्हा पुस्तकाला आपली ओळख स्वतःच करून देणे भाग पडले.

आपल्याकडे ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच्या पानावर दोन स्तंभ होते, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. वृत्तपत्र म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही असा मराठी वाचक आणि मराठीत वृत्तपत्र कशाला असे वाटू शकणारा इंग्रज वाचक, असे दोन नवखे त्या पानासमोर उभे होते. दोघांना एकाच पानावर शेजारी शेजारी जागा देणे ही त्या पानाची रचना होती आणि तीच त्याची भूमिकाही होती. पानाचे रूप आणि पानाचा हेतू असे एकमेकांत मिसळलेले असले की ते पान स्मरणात राहते. हा धागा हाती धरून आता महाजालाकडे येऊ.

महाजालावरील पहिले संकेतस्थळ स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभारले. १९९० च्या डिसेंबरपर्यंत ते संस्थेत चालू झाले होते. ६ ऑगस्ट १९९१ रोजी बर्नर्स-ली यांनी या प्रकल्पाची जाहीर माहिती दिली. ज्या ‘नेक्स्ट’ संगणकावर हे स्थळ होते त्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. कोणी खोलीतून जाताना कळ दाबली असती तर जगातील पहिले संकेतस्थळ त्या क्षणापुरते नाहीसे झाले असते. पानावर एकही चित्र नव्हते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर साधा मजकूर आणि काही दुवे. मजकूर काय, तर हा प्रकल्प कशाचा आहे, त्यात काय उपलब्ध आहे, कोण माणसे त्यात आहेत, आणि तुम्हालाही असे काही करायचे असेल तर कसे करावे. थोडक्यात, ते संकेतस्थळ संकेतस्थळ म्हणजे काय हे सांगण्यासाठीच होते. जगात त्या वेळी या माध्यमाला जुना वाचक असा नव्हताच. प्रत्येक जण पहिल्यांदाच येत होता. म्हणून त्या पानाला नवखेपणाचा विसर पडणे शक्य नव्हते. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्या पहिल्या पानाची अगदी मूळ आवृत्ती मात्र जपली गेली नाही. २०१३ मध्ये संस्थेने जुन्या पत्त्यावर जे पान पुन्हा उभे केले ते १९९२ च्या प्रतीवरून. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर मूळ संहिता हरवली असून तेथे उभी आहे ती नंतरची प्रत.

याच काळातील दुसरे उदाहरण दिसायला क्षुल्लक आहे, पण आमच्या विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे एक भांडे असे. वेगवेगळ्या मजल्यांवर बसणारे संशोधक जिने उतरून येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. ही पायपीट टळावी म्हणून १९९१ मध्ये काहींनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचे चित्र आपापल्या संगणकावर पाहण्याची सोय केली. १९९३ च्या नोव्हेंबरात हे चित्र महाजालावर आले. करड्या छटांचे, १२८ गुणिले १२८ बिंदूंचे एक धूसर चित्र. त्यात भांडे भरलेले आहे की रिकामे एवढेच कळे. तरीही जगभरातून लोक ते पाहायला येऊ लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद करण्यात आला, तेव्हा ती वर्तमानपत्रांतील बातमी झाली. शेवटचे यंत्र ‘श्पीगेल’ या जर्मन नियतकालिकाच्या महाजालीय आवृत्तीने लिलावात ३,३५० पौंडांना विकत घेतले.

या भांड्यात असे काय होते? सौंदर्य नव्हते, माहितीही नव्हती. ज्याला ती कॉफी कधीच प्यायची नाही अशा दूरदेशीच्या माणसाला भांडे भरलेले असल्याचा उपयोग तरी काय? परंतु त्या चित्रापुढे बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच जाणवत होते, की दुसऱ्या देशातील एका खोलीत या क्षणी काय चालले आहे ते आपण पाहतो आहोत. नव्या माध्यमाचे सारे सामर्थ्य त्या एका भांड्यात, काही समजावून न सांगता, दिसत होते. जे पान येणाऱ्याला एकच गोष्ट दाखवते आणि ती खरी असते, ते आठवणीत राहते. कादंबरीच्या पहिल्या परिच्छेदाबद्दल आपण वर्गात याहून वेगळे काही सांगतो काय?

यानंतरच्या काही वर्षांत उंबरठ्याची कल्पना पालटली. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड फायलो आणि जेरी यँग या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या स्थळांची वर्गवार यादी केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. मुंबईत १९९६ मध्ये अजित बालकृष्णन यांनी ‘रेडिफ’ सुरू केले. बातम्या, क्रिकेट, चित्रपट, टपालपेटी, खरेदी सारे एकाच पानावर मिळावे आणि आलेल्याने बाहेर जाऊच नये, अशी या प्रवेशद्वारांची धारणा होत गेली. गावच्या आठवडी बाजारासारखी ती पाने गजबजत गेली. जुन्या गिऱ्हाइकाला आपली वाट ठाऊक असे. नव्याला मात्र भोवती पाहण्यातच वेळ जाई.

दुसरे टोक गाठले ते ‘फ्लॅश’ने. १९९६ मध्ये दुसऱ्या नावाने निघालेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मॅक्रोमीडिया’ने घेतलेले हे तंत्र पडद्यावर चित्रे हलवू शके, संगीत वाजवू शके. मग मुखपृष्ठाच्याही आधी एक नांदी आली. बोधचिन्ह अंधारातून पुढे येई, अक्षरे गिरक्या घेत, कुठूनसे संगीत सुरू होई आणि दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी घेतलेला वाचक टक्केवारीची पट्टी भरण्याची वाट पाहत बसे. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रस्तावना वगळा’ अशा अर्थाचा एक दुवा असे. आमच्या मते त्या दुव्यातच या पद्धतीवरची समीक्षा लिहिलेली होती; नांदी वगळण्याची सोय खुद्द सूत्रधारालाच करावी लागत असेल तर ती नांदी कोणासाठी? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० च्या ऑक्टोबरातच या तंत्राच्या तत्कालीन वापरावर कडाडून टीका केली होती. अर्थात फ्लॅशमध्ये सुंदर असे काही घडलेच नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्यातील खेळ आणि चलच्चित्रे एका पिढीने मनापासून जपली. पण ‘ॲडोबी’ने ३१ डिसेंबर २०२० रोजी या तंत्राचा आधार काढून घेतल्यावर त्यात बांधलेली असंख्य मुखपृष्ठे एकदमच मुकी झाली. जी पाने आपल्याला विसरू नका असे सर्वांत मोठ्याने सांगत होती, ती उघडणेच अवघड होऊन बसले.

या गजबजाटात ‘गूगल’चे पान आले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या मुखपृष्ठावर एक नाव, एक चौकट आणि दोन बटणे एवढेच होते. संस्थापकांना पान सजवण्याचे तंत्र फारसे अवगत नव्हते आणि त्यांना तेवढा वेळही नव्हता, म्हणून ते पान असे रिकामे राहिले, अशी आठवण तेथे १९९९ पासून काम केलेल्या मारिसा मेयर यांनी सांगितली आहे. त्यांचीच दुसरी आठवण अधिक मार्मिक आहे. सुरुवातीच्या एका चाचणीत काही विद्यार्थ्यांना हे पान दाखवले, तेव्हा ते नुसतेच पडद्याकडे पाहत बसले. कशाची वाट पाहता, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, की उरलेले पान यायची. भरगच्च पानांची सवय झालेल्या त्या डोळ्यांना एवढेच पान असू शकते हे पटत नव्हते. म्हणून पानाच्या तळाशी स्वामित्वहक्काची एक ओळ ठेवण्यात आली. कायद्याची गरज म्हणून नव्हे, तर पान येथे संपले हे कळावे म्हणून. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देतो, तसा तो पूर्णविराम होता.

ही हकीकत आम्हांला महत्त्वाची वाटते. साधेपणा आपोआप समजतो असा एक समज आहे. प्रत्यक्षात साधेपणाही नवख्याला शिकवावा लागतो. मुक्तछंद प्रथम वाचणाऱ्याला कविता कोठे संपली हे कळत नाही, तसेच हे. त्या एका ओळीने पाहुण्याला धीर दिला, की तुमचे काही चुकलेले नाही, पान एवढेच आहे, आता तुम्ही बोला. गूगलचे पान सजावट गाळल्याने लक्षात राहिले हे अर्धेच खरे. पाहुण्याच्या संभ्रमाकडे लक्ष देऊन त्याचे निरसन केले गेले, हे उरलेले अर्धे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. पहिली छाप इतक्या विचाराने पडतच नाही, ती निमिषात पडते. या आक्षेपाला आधार आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले, ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना मुखपृष्ठे अवघी ५० सहस्रांश सेकंद दाखवली, म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग, आणि ती कितपत आकर्षक वाटली ते विचारले. त्यांचे अभिप्राय, तीच पाने अर्धा सेकंद पाहून दिलेल्या अभिप्रायांशी बऱ्याच अंशी जुळले. तेव्हा आवड-नावड क्षणात ठरते हे मान्य करावेच लागेल. परंतु या प्रयोगाचा विषय होता आकर्षण, स्मरण नव्हे. मुखपृष्ठावरील चित्र आवडले म्हणून आपण पुस्तक हाती घेतो, पण पुस्तक आठवते ते त्या चित्रामुळेच असे नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने चमत्कृती आणि रस यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. चमत्कृती लक्ष वेधून घेते. रसासाठी मात्र सहृदयाला आत यावे लागते.

केवळ चमत्कृतीवर उभ्या असलेल्या पानाचे उदाहरण म्हणून ‘मिलियन डॉलर होमपेज’कडे पाहता येईल. इंग्लंडमधील ॲलेक्स ट्यू या एकवीस वर्षांच्या तरुणाने विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी २००५ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू केले. एका पानावर दहा लक्ष चित्रबिंदू आणि प्रत्येकाची किंमत एक डॉलर. ज्याने ठिकरी विकत घेतली त्याने तेथे आपले चित्र आणि आपल्या स्थळाचा दुवा द्यावा. काही महिन्यांतच सारे बिंदू विकले गेले. शेवटच्या हजार बिंदूंचा लिलाव होऊन एकूण प्राप्ती १०,३७,१०० डॉलर झाली. ते पान ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. पण आज त्यावरील कितीतरी ठिकऱ्यांवर टिचकी मारली, तर पलीकडे काहीच नाही. दुकाने उठून गेली आहेत. पान स्मरणीय झाले आणि त्याचे दुवे विप्रलब्ध झाले. संकेत शाबूत आहे आणि भेट नाही.

आता मराठीकडे. आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट गृहीत होती, की पाहुण्याला पानावरची अक्षरे दिसतात. मराठी वाचकाला महाजालावरील आरंभीच्या वर्षांत हे गृहीत धरता येत नव्हते. त्या काळात देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले टंक वापरले जात. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असे, केवळ त्याच्या अंगावर देवनागरीचा वेष चढवलेला असे. वाचकापाशी नेमका तोच टंक असेल तर मराठी दिसे, नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रास. प्रत्येक प्रकाशनाचा टंक वेगळा. त्यामुळे अनेक मराठी स्थळांच्या मुखपृष्ठावर पाहुण्याला दिसणारे पहिले वाक्य ‘या, वाचा’ असे नसून ‘आधी टंक उतरवून घ्या’ असे असे, आणि तेही इंग्रजीत. १९९७ च्या सुमारास पानासोबतच टंक पाठवण्याचे उपाय निघाले, पण ते विशिष्ट न्याहाळकांपुरतेच होते. मराठी वाचक आपल्याच घराच्या उंबरठ्यावर परभाषेत लिहिलेल्या सूचना वाचत उभा होता.

यातून सुटका झाली ती युनिकोडमुळे. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत युनिकोडने देवनागरीला स्वतःचे स्थान दिले होते. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये ठरलेली ‘इस्की’ ही प्रमाणपद्धती त्यास आधारभूत होती. पण सामान्य संगणकावर ते उतरायला ‘विंडोज २०००’ यावे लागले. त्यासोबत जो देवनागरी टंक आला त्याचे नाव ‘मंगल’ आणि तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतील अध्यापक आणि मराठी कवी असलेल्या या माणसाच्या हातची वळणे अनेक वर्षे लक्षावधी पडद्यांवर उमटत राहिली. महाजालावर मराठी प्रथम पाहणाऱ्या कितीतरी जणांची पहिली भेट एका मराठी कवीच्या अक्षरांशी झाली, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदली जावी असे आम्हांला वाटते.

तरीही भेट निर्विघ्न नव्हती. ‘विंडोज एक्सपी’वर भारतीय लिप्यांचा आधार वेगळा चालू करावा लागे. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरे सुटी होत. काही टंकांत अर्ध्या ‘र’चे मराठी रूप नव्हते. मग ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतला भेद नाहीसा होई आणि स्वयंपाक्याचे निमंत्रण गुरुजींना जाई. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. त्यानंतरही अनेक संगणकांवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच्या पहिल्या पानाचे नावच ‘मुखपृष्ठ’. त्या पिढीतील मराठी वाचकाला असे एखादे पान का आठवते, याचे उत्तर रंगसंगतीत शोधून मिळणार नाही. काहीही न उतरवता, कोणतीही सूचना न पाळता, अक्षरे धडपणे दिसली, वेलांटी जागेवर होती, आणि शोधचौकटीत मराठी शब्द लिहिला तर तो सापडत होता, हे त्याचे उत्तर आहे. आपली लिपी या जगात चालते, ही त्या भेटीतून मिळालेली प्रतीती होती.

आणि म्हणूनच आम्हांला एका गोष्टीची काळजी वाटते. युनिकोडपूर्वीच्या टंकांत लिहिलेला मजकूर थोडा नव्हता. त्यात लेख होते, कविता होत्या, परदेशस्थ मराठी मंडळींनी हौसेने केलेले अंक होते. त्यांतील काही पाने सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने जपली आहेत. १९९६ पासून ही संस्था महाजालाच्या प्रती साठवत आहे आणि २००१ पासून त्या सर्वांसाठी खुल्या आहेत. पण पान जपले गेले आणि टंक जपला गेला नाही, तर आज ते उघडणाऱ्या विद्यार्थ्याला दिसते ती रोमन चिन्हांची रास. शोधयंत्रात मराठी शब्द टाकला तर ते पान समोर येतच नाही, कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तेथे कधी लिहिलाच गेला नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वीचा मराठी मजकूर आजच्या मराठी पदवीधराला, शिळाप्रेस पोथीइतकाही वाचता येत नाही.

पहिल्यांदा येणारा पाहुणा म्हणजे आज येणारा अनोळखी माणूस, एवढाच अर्थ आपण धरतो. पण पंचवीस वर्षांनी येणाराही त्या पानावर पहिल्यांदाच आलेला असतो. उलट त्याचे नवखेपण अधिक गाढ असते, कारण पान लिहिणाऱ्याच्या काळातील सवयी, साधने आणि संदर्भ यांपैकी काहीच त्याच्यापाशी नसते. ‘सर्न’चे साधे पान आजही कोणत्याही न्याहाळकात उघडते, नांद्यांनी नटलेली पाने उघडत नाहीत. संकेतस्थळ स्मरणीय कशाने होते या प्रश्नाचा हा दुसरा पैलू. तो आरेखनकारांच्या चर्चेत क्वचितच येतो आणि साहित्याच्या अभ्यासकाने तो उपस्थित केला पाहिजे.

यावर उपाय नाही असे नाही. जुन्या टंकांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. परंतु त्यांच्याकडून झालेल्या रूपांतरात जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्या अक्षरावर चढतो, अनुस्वार गळतात. तेव्हा यंत्राने काढलेली प्रत घेऊन मूळ टंक कोणता होता हे ओळखणारा, संशयित पाठ वाक्याच्या अर्थावरून दुरुस्त करणारा आणि केलेल्या दुरुस्तीची नोंद ठेवणारा माणूस हवा. हे कौशल्य आपल्याला परके नाही. मोडी कागद वाचणाऱ्यांनी आणि पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणाऱ्यांनी ते आपल्यासाठी घडवून ठेवले आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत आपण ते शिकवतोही. पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पांसाठी दरवर्षी विषय शोधावे लागतात. त्यांपैकी एखादा विषय अशा एका जुन्या, न दिसणाऱ्या मराठी पानाचा असावा : टंक ओळखणे, रूपांतर, पाठशुद्धी, आणि शेवटी शुद्ध संहिता सर्वांना शोधता येईल अशा रूपात ठेवणे. एका विद्यार्थ्याने एका वर्षात एक अंक केला तरी पुरे. तो अंक शोधत कोणी त्या पत्त्यावर आला, तर त्याला तेथे अक्षरे सापडतील.